सभामंडप मोजू नका, खासदारानं विचारलेले प्रश्न छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी काटोलकडं गावी गेलो होतो. टपरीवर खासदाराचा विषय निघाला तर एक जण म्हणे माझ्या पोरीच्या लग्नाला आले होते, दुसरा म्हणे आमच्या वार्डात सभामंडप दिला. झाला पाच वर्षांचा हिशोब! लोकसभेत काय बोलले हे कोणी काढलंच नाही, अन् खरं सांगू, मलाही सांगता आलं नसतं.

पण कास्तकाराला मारणाऱ्या गोष्टी तर दिल्लीतच ठरतात. केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून काढलं, तेव्हा म्हणाले 30 सप्टेंबरपर्यंतच. 21 ला अधिवेशन संपलं अन् 28 ला मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे आपली वेचणी होऊन माल घरात यायच्या नेमक्या त्याच दिवसांत बाहेरच्या देशातल्या कापसाची गाठ बिनशुल्क. तारांकित प्रश्नाला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्याला, पंधरा दिवस आधी नोटीस लागते, तो रस्ता नव्हता, सभागृहात गोंधळ होता तेही मान्य, पण मग पुढच्या अधिवेशनात तरी कोणी धरून बसलं का? लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2025-26 च्या हंगामात क्विंटलला 8110 होता म्हणे, पण सीसीआयला (हमीभावानं कापूस घेणारं केंद्राचं महामंडळ) ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे, नाहीतर कापूस पुन्हा गाडीत भरा.

संत्र्याचं तेच. आपल्या संत्र्यावरचं बांगलादेशचं आयात शुल्क वाढत वाढत किलोमागं 88 रुपयांवर गेलं तेव्हापासून बगीच्याचा सौदा करायला आलेला व्यापारी इसार देतानाच ते कारण पुढं करतो. हे काय जिल्हा परिषदेत सुटणार आहे?

अन् प्रश्न विचारायचीही एक रीत असते. 'सरकारला जाणीव आहे काय' असं मोघम विचारलं की 'हा विषय राज्याचा' म्हणून हात झटकले जातात. त्यापेक्षा बांगलादेशशी शुल्कावर शेवटची बोलणी कोणत्या तारखेला झाली हे विचारा, मग मंत्र्याला तारीख द्यावी लागते नाहीतर झाली नाही म्हणावं लागतं. सभामंडप ग्रामपंचायतही बांधेल हो, वर्षाचा 5 कोटींचा निधी हेच खासदाराचं काम असं आपणच त्यांना शिकवलंय.

तुमच्या पेपरात वाढदिवसाच्या पानभर जाहिराती येतात त्यात माझी काही तक्रार नाही, धंदा आहे. पण अधिवेशन चालू असताना आठवड्यातून एकदा विदर्भातल्या खासदारांनी काय विचारलं अन् काय उत्तर मिळालं एवढं एका कोपऱ्यात छापा ना. लोकसभेच्या साईटवर सगळं असते, आमच्या टपरीवर मात्र तुमचाच पेपर येतो.

एक वाचक,
काटोल रोड, नागपूर