स्पीकरची घरघर आणि महागड्या पॉवर केबल

महोदय,

दसरा-दिवाळीच्या खरेदीत घरच्या साउंड सिस्टिमसाठी हजारो रुपयांच्या पॉवर केबल ‘आवाज खुलतो’ असे सांगून विकल्या जातात. मीटरपासून सॉकेटपर्यंत भिंतीतून आलेली वायर दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची असते. शेवटच्या दीड मीटरने तिच्यात काय बदलणार? फरक जाणवतो असे ज्यांना वाटते त्यांनी दुसऱ्या कुणाकडून, न पाहता, दहा-पंधरा वेळा केबल बदलून घ्यावी आणि ओळखून दाखवावी.

पण वीजपुरवठ्याचा आवाजाशी संबंधच नाही, असे म्हणणेही चूक आहे. संबंध आहे, तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीच्या आत. आपली वीज ५० हर्ट्‌झची. तिचे डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतर लहर सेकंदाला १०० वेळा उठते आणि मधले खड्डे वीज साठवून ठेवणारा फिल्टर कपॅसिटर भरून काढतो. १ अँपिअर प्रवाह ओढला जात असेल, तर ४,७०० मायक्रोफॅरड क्षमतेच्या कपॅसिटरवर व्होल्टेज सुमारे २ व्होल्टने खालीवर होते, १०,००० वर १ व्होल्टने. चांगली अ‍ॅम्प्लिफायर चिप ही लहर बरीच दाबते. स्वस्त सर्किटांत ती स्पीकरपर्यंत पोहोचते आणि घरघर ऐकू येते.

घरघर कुठून येते हे ओळखणे अवघड नाही. व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही ती तेवढीच राहिली, तर दोष बहुधा पुरवठ्याच्या बाजूला. व्हॉल्यूमबरोबर वाढली तर व्हॉल्यूमच्या बटणाआधीच्या वायरींत. स्वरही ऐका: १०० हर्ट्‌झची घरघर म्हणजे कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता, आणि तिच्याहून बरोबर एक सप्तक खाली, ५० ची, म्हणजे बहुतेक अर्थिंग किंवा शील्डचा (वायरीभोवतीच्या धातूच्या आवरणाचा) प्रश्न. स्पीकर गप्प आणि ट्रान्सफॉर्मरच गुणगुणतोय, तर तो वेगळा, यांत्रिक मामला.

कपॅसिटर बदलताना १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा घ्यावा. १२-०-१२ (मधल्या टोकापासून दोन्हीकडे १२ व्होल्ट एसी देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर दर बाजूला डीसी सुमारे १६ व्होल्ट मिळते, म्हणून कपॅसिटर २५ व्होल्टचा हवा. १६ चा बसवला तर तो फुगण्याची भीती असते. जुना काढण्यापूर्वी प्लग काढून, १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने तो रिकामा करा आणि मल्टिमीटरने शून्य पाहूनच हात लावा. क्षमता दुपटीपर्यंत वाढवायला हरकत नाही. त्याहून फार वाढवली तर चालू करतानाच्या झटक्याने फ्यूज किंवा ब्रिज जातो. तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, त्यामुळे अ‍ॅम्प बंद कपाटात कोंबू नये.

ग्रामीण भागात व्होल्टेज १८० वर येते तेव्हा ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पची ताकद जवळपास ४० टक्क्यांनी घटते आणि आवाज फाटतो. तिथे केबल काय करणार? चांगला स्टॅबिलायझर लावावा, किंवा १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसचा (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्याचा) अ‍ॅम्प घ्यावा. चौरस लहरीच्या इन्व्हर्टरवर तर मीटर २३० दाखवतो तेव्हाही लहरीचे शिखर ३२५ ऐवजी २३० च्या जवळ असते. ताकद निम्मी होते आणि वर भुणभुण. साइन वेव्ह इन्व्हर्टरचे जादा पैसे इथे खरोखर कामी येतात.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते अर्थिंगबद्दल. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढताच घरघर थांबली, तर ते अर्थचे वेटोळे (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे उपकरणे दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेली आहेत. ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा आणि सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत. प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घरघर त्याने थांबतेही, पण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले की अ‍ॅम्पच्या धातूच्या पेटीत २३० व्होल्ट येतात आणि त्यांना जमिनीकडे जायला वाट उरते ती हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून.

एक वाचक, ठाणे