आई-बाबांना पत्र: संगणकाचे घड्याळ आणि ते डाउनलोड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"माझ्यामुळे संगणक बिघडला," हे बाबांचे रविवारचे वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून फोनवर घाईने सांगण्याऐवजी सगळे सविस्तर लिहीत आहे. बाबा, मूळ बिघाड तुमच्या हातून झालेला नाही.

संगणकाच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवर, सीआर 2032 नावाचा, नाण्यासारखा चपटा, तीन व्होल्टचा सेल असतो. संगणक बंद असताना तारीख आणि वेळ तोच सांभाळतो. आपला सेल संपला आहे, त्यामुळे वीज गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते आणि ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळे उघडणारा प्रोग्राम (आपला क्रोम), ती मुदत संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतो. घड्याळच 2015 साल दाखवत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले दिसते आणि 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे सांगून तो पान अडवतो. सातबाऱ्याचे पान त्या दिवशी उघडले नाही, ते यामुळेच. एकच संकेतस्थळ अडत असेल तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा असतो. सगळीच अडू लागली, तर आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी आणि तिच्यावर उजवे क्लिक करून ती दुरुस्त करावी.

खरा धोका त्यानंतर आला. उपाय शोधताना जे पहिले पान उघडले, ती जाहिरात होती, आणि 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे' असे सांगून तिने दुरुस्तीचे सॉफ्टवेअर उतरवायला लावले. क्रोम स्वतःच अद्ययावत होतो. खात्री करायची असेल तर वरच्या तीन ठिपक्यांतून 'हेल्प' आणि मग 'अबाउट गूगल क्रोम' उघडावे. कोणतेही परके पान ब्राउझर किंवा फ्लॅश प्लेअर अद्ययावत करायला सांगत असेल तर ते पान तिथेच बंद करावे. फ्लॅश तर 31 डिसेंबर 2020 रोजीच बंद झाले आहे.

आपण व्हिडिओ कॉलवर ते सॉफ्टवेअर, त्याने क्रोमला जोडलेला छोटा जादा प्रोग्राम (एक्स्टेन्शन) आणि कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशी भीती घालणाऱ्या सूचनांची परवानगी, हे सगळे काढून टाकले आणि विंडोज सिक्युरिटीचा ऑफलाइन स्कॅनही केला. आता बँकेचा पासवर्ड मात्र मोबाइलवरून आजच बदला, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक बदल मी त्याच वेळी तुमच्याकडून करून घेतला. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवते, त्यामुळे 'सातबारा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फसवी फाइल साध्या पीडीएफसारखी दिसते. आता पूर्ण नाव दिसेल. कागदपत्र म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी 'ईएक्सई' किंवा 'एमएसआय' (म्हणजे ती कागदपत्र नसून प्रोग्राम आहे) दिसले, तर ती उघडू नका, पुसून टाका. नुसती उतरलेली फाइल तिच्यावर डबल क्लिक होईपर्यंत सहसा काही करत नाही. सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट मात्र 'जीओव्ही डॉट इन' असाच आहे ना, हे उतरवण्यापूर्वी वाचावे.

आई, मागच्या वर्षी पडदाभर इशारा आणि भोंगा सुरू झाला तेव्हा तू मेन स्विच बंद केलास, ते योग्यच केलेस. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पुन्हा तसे झाले तर एस्केपचे बटण दाबून धरावे. तरीही पान हटले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद करावा, आणि पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर' दाबू नये. कोणी मदतीच्या नावाखाली संगणकाचा ताबा मागितला तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेल्याची शंका आली, तर माझ्या फोनची वाट न पाहता आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

दिवाळीला येताना नवा सेल आणते आणि बाबा, तो तुमच्याच हातून बसवू. तोवर वीज येऊन गेली की तारीख तेवढी पाहत जा.

तुमची लेक