बाटली का फोडली नाही, तेही सांगा

महोदय,

करोनाकाळात विदर्भातल्या कित्येक खेड्यांनी लसीकडे पाठ फिरवली, याचं खापर आजही अफवांवर आणि 'अडाणी'पणावर फोडलं जातं. अफवा होत्याच. पण त्यांना खतपाणी सरकारी कारभारातूनच मिळालं.

कोविशिल्डच्या एका बाटलीत 10 डोस. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. वाया गेलेल्या डोसचा हिशेब वर द्यावा लागे, म्हणून उपकेंद्रावर तीन-चारच माणसं जमली की सिस्टर बाटली फोडायला कचरत. दुपारपर्यंत आणखी कोणी आलं नाही, की आलेले परत. ज्याची मजुरी बुडाली तो गावात काय सांगणार? 'त्यांनी लस स्वतःच्या माणसांसाठी राखून ठेवली.' चार तासांचा नियम दवंडीत दोन वाक्यांत सांगता आला असता.

दोन डोसमधल्या अंतराचंही तेच. आधी 4 ते 6 आठवडे, मार्च 2021 मध्ये 6 ते 8, आणि 13 मे रोजी थेट 12 ते 16. जुनी तारीख धरून आलेल्यांना आता 84 दिवस थांबा म्हटलं गेलं. अंतर वाढवण्याला परदेशातल्या अभ्यासांचा आधार होता, पण नेमका तेव्हाच लसीचा तुटवडाही होता. शिवाय कोव्हॅक्सिनचं अंतर वाढलं नाही, कारण ती लसच वेगळ्या पद्धतीची. हे आशाताईपर्यंतच पोचलं नसेल, तर ती बांधावरच्या बाईला काय समजावणार?

त्यात 31 जानेवारी 2021 ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी 12 बालकांना सॅनिटायझर पाजलं गेलं. करोना लसीकरण सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. निलंबनं झाली. पण पोलिओच्या बाटलीवर वर्तुळात एक चौकोन असतो; उष्णतेने लस खराब झाली का, हे तो दाखवतो. तो वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच थेंब द्यायचे. हा चौकोन आईबापांना दाखवूनच थेंब पाजले, तर अशी चूक जागीच पकडली जाईल.

कापूस वेचणीच्या दिवसांत लसीनंतरचा दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची बुडालेली मजुरी. ताप येऊ शकतो हे टोचण्याआधीच सांगावं, पॅरासिटामॉल हातात द्यावी आणि सत्र आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठेवावं. बाजाराच्या दिवशी मजूर तसेही सुट्टी घेतात.

लसीची सक्ती करता येणार नाही आणि दुष्परिणामांचे अहवाल लोकांना पाहता आले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 ला सांगितलं आहे. ते अहवाल मराठीत, मेळघाटात कोरकूत आणि गडचिरोलीत गोंडीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

— एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)