शेजारच्या आजी, तुमची ताटली अजून आमच्याकडेच आहे

प्रिय आजी,

पत्र मराठीत आहे, त्यामुळे लेकीकडूनच ऐकावं लागेल. ती फार मोठ्याने वाचते, सांभाळून घ्या.

अमेरिकेतल्या माँटगोमेरीत राहायचं आणि इथेच बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्यावर चार ओळी लिहून शाळेचा प्रोजेक्ट उरकायचा, असा माझा बेत होता. तुम्ही कुंपणापलीकडून ऐकलंत आणि लेकीला घरात बोलावलंत. जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या, पुढच्या दारात वाडगं ठेवलं. "पैसे टाक. आता उतर आणि मागच्या दाराने चढ." ती अंगणातून वळसा घालून धावत आली, तोवर तुम्ही मागच्या दाराला कडी लावली होती. "बस गेली."

"पण मी पैसे दिलेत!" ती दार बडवत होती. तुम्ही हसला नाहीत. "आईसुद्धा हेच म्हणायची," एवढंच बोललात.

मग केक कापता कापता सांगितलंत, की तेव्हा काळ्या प्रवाशांना पुढे पैसे टाकून मागच्या दाराने चढायला लावत, आणि रोझाबाईंच्या अटकेनंतर काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. 5 डिसेंबर 1955 पासून 381 दिवस तुमची आई लोकांच्या घरी कामाला चालत गेली. बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी जॉर्जिया गिलमोर आणि मैत्रिणींनी सँडविच, केक, गोड पाई करून विकले. पैसे आले कुठून, तर 'कुठूनच नाही', म्हणून मंडळाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'! आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, 15 वर्षांची असताना जागेवरून उठली नाही म्हणून तिला बेड्या पडल्या. ज्या खटल्याने बसमधला भेद मोडला, त्यातही ती होती. हे नाव मी चाळिशीत, तुमच्या ओट्यापाशी पहिल्यांदा ऐकलं.

निघताना तुम्ही सहज विचारलंत, "तुमच्याकडचं हिला कोण सांगतं?"

कुणीच नाही, आजी. माझे आजोबा 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर महाडच्या चवदार तळ्यावर होते, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्याच रात्री वडिलांना फोन लावला. तासभर बोलले. शेवटी लेकीने विचारलं, "पाणी कसं लागलं त्यांना?" वडील गप्प झाले. मग म्हणाले, "हे मी बापाला विचारायचं राहूनच गेलं, बाळा."

तुमची केकची ताटली धुऊन ठेवलीय. आमच्यात रिकामं भांडं परत करत नाहीत. शनिवारी पुरणपोळ्या घालून आणते. खुर्च्या मांडून ठेवा, लेकीला या वेळी तुम्हाला वडिलांचं सगळं सांगायचंय.

तुमची शेजारीण