अंग भरण्याच्या वयाबद्दल : सुनंदास पत्र

फैजपूर, ता. यावल
१२ नोव्हेंबर

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि तेव्हापासून मन लागत नाही. आर्या बारा वर्षांची झाली, वर्षभरात तिच्या मांड्या आणि कंबर भरली, नात्यातल्या बायका टोमणे मारू लागल्या आणि म्हणून तू तिची रात्रीची भाकरी व दूध दोन्ही बंद केलेस, हे वाचून मला फार वाईट वाटले. तू काळजीपोटी केलेस हे मी जाणते. तरीही सुनंदा, हे पत्र वाचून होताच तिला पोटभर जेवायला वाढ, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मी वीस वर्षे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे ही मुले माझ्या डोळ्यांदेखत वयात येतात. वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या शरीरातील चरबीच्या प्रमाणात फारसा फरक नसतो. मग मुलींत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) वाढते आणि चरबी मुख्यतः मांड्या, नितंब व छाती यांवर साठते. वाढ पुरी होईपर्यंत निरोगी मुलीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा असतो. मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकामुळे स्नायू आणि हाडे झपाट्याने वाढतात, म्हणून त्यांच्यातले चरबीचे प्रमाण उलट उतरते. आर्याचे अंग भरले ते याच नियमाने. १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला, तेव्हा कळले की चरबी स्वतःच मेंदूला निरोप धाडते. साठा पुरेसा आहे हा निरोप पोहोचल्याखेरीज वयात येण्याची क्रिया नीट पुढे सरकत नाही, आणि जन्मतःच ज्यांच्यात लेप्टिन नसते ती मुले उपचारांशिवाय वयातच येत नाहीत. अशा दिवसांत मुलीला उपाशी ठेवले तर पाळी लांबते किंवा थांबते, आणि जन्मभर पुरवायची हाडे याच चार-पाच वर्षांत भरायची असतात, ती कच्ची राहतात.

आता दुसरी बाजू सांगते, कारण ती मी स्वतः चुकून शिकले आहे. माझा ओंकार हातापायांनी काडी, फक्त पोट तेवढे सुटलेले. खात्यापित्या घरचा पोरगा, असे सगळे कौतुकाने म्हणत. तेराव्या वर्षी त्याच्या मानेमागे काळपट, मखमलीसारखी जाड पट्टी दिसू लागली. मला तो मळ वाटला. दर रविवारी त्याला न्हाणीघरात बसवून मी बेसन आणि साय लावून ती मान चोळत असे, आणि एकदा तर पायाची वजरी घेऊन घासली. कातडी लाल झाली, तो रडला, काळेपणा मात्र तसाच राहिला. पुढे खोकल्यासाठी डॉक्टरांकडे नेले असता त्यांनी मान पाहिली आणि उपाशीपोटी साखर तपासायला सांगितली. ती १०८ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन फार वाढले की मानेची आणि काखेची त्वचा अशी जाड व काळी होते, हे मला त्या दिवशी कळले. त्या रविवारांची आठवण आजही मला सोडत नाही.

वयात येण्याच्या मधल्या टप्प्यात वाढीच्या संप्रेरकामुळे सगळ्याच मुलामुलींत इन्सुलिनचा परिणाम सुमारे पाव ते एक तृतीयांशाने कमी होतो. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ती तूट भरून काढते आणि वाढ पुरी झाली की गाडी रुळावर येते. पण पोटात, यकृताभोवती चरबी साठलेली असेल तर हा ताण आणखी वाढतो आणि पुढे उतरेलच असे नाही. आपल्या लोकांत ही चरबी बारीक देहातही दडलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील बाळांहून कितीतरी लहान, स्नायूंनी रोडावलेली, पण त्वचेखालच्या चरबीत त्या मानाने फारशी मागे नाहीत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र आले होते. उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नकोस.

तू एक कर. आर्याच्या उंचीएवढा दोरा काप, त्याची बरोबर अर्धी घडी घाल आणि तिने सहज श्वास सोडल्यावर बेंबीच्या किंचित वर कमरेभोवती धर. टोके जुळली तर निर्धास्त राहा. अंतर उरले तर मान आणि काखा पाहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखव. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते, त्याने घाबरू नकोस. त्यानंतरही महिनोन्‌महिने चुकली किंवा हनुवटीवर राठ केस आले, तर मात्र थांबू नकोस.

ओंकारचे आम्ही खाणे तोडले नाही. कळण्याची भाकरी, वरण, भाजी, अंडी आणि रोजचे केळे चालू ठेवले. शाळेबाहेरचे केळ्याचे वेफर्स, थंड पेयाची बाटली आणि चहाबरोबरचा बिस्किटांचा पुडा बंद केला. (केळ्याला उगाच दोष देतात, तळलेल्या, मीठ लावलेल्या चकत्यांना केळे म्हणू नये.) क्लासला मोटारसायकलवरून सोडणे थांबवून त्याला सायकल दिली, संध्याकाळी तासभर कबड्डी आणि रात्री दहाला मोबाईल माझ्या उशाशी. वर्षभरात त्याची उंची १५८ वरून १६५ सेंटिमीटर झाली, कंबर ८२ वरून ७८ वर आली आणि साखर ९४. मानेची पट्टी अजून पुरती गेलेली नाही, पण फिकी झाली आहे. घरात कोणी त्याला जाड्या म्हणू नये, एवढे मी सासूबाईंनाही हात जोडून सांगितले आणि त्यांनी ऐकले. तूही तुझ्या नणंदांना सांग. मुलीसमोर सांग, म्हणजे तिला कळेल की आई आपल्या बाजूने आहे.

दोऱ्याचे काय झाले ते लगेच कळव. बामणोदची भरिताची वांगी बाजारात येऊ लागली आहेत. आर्याला घेऊन चार दिवस ये, मळ्यात काड्यांवर वांगी भाजू. भाऊजींना नमस्कार, आर्याला खूप खूप प्रेम.

तुझी,
मंगल