डोपामाइन पेशींच्या विद्युत-नोंदी शिकवणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपला उल्लेख आहेच. परंतु आपण जे शिकवले ते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र सर्वांसाठी खुले ठेवत आहे.

उंदराच्या मध्यमेंदूत खोलवर असलेल्या सबस्टँशिया नायग्रा या भागातील डोपामाइन पेशी (डोपामाइन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या चेतापेशी), बाहेरून कोणताही संदेश येत नसतानाही, सेकंदाला साधारण १ ते ५ वेळा संथ आणि नियमित लयीत स्वतःहून स्पंदतात, म्हणजे विद्युत-स्पंद निर्माण करतात, हे मी वाचले होते. मात्र मेंदूच्या सुमारे ३०० मायक्रॉन जाडीच्या कापात ती लय नेमकी कशी टिपायची, हे आपल्यामुळे कळले. काचेची सूक्ष्म नळी पेशीला चिकटून गिगाओमचा (अतिशय उच्च विद्युत-रोधाचा) घट्ट सील बसला की लगेच पेशीचे पटल (बाहेरचे आवरण) फोडून आत शिरण्याची घाई सगळ्यांनाच असते. आपण मात्र आधी काही मिनिटे पेशी अखंड ठेवून बाहेरूनच तिची लय नोंदवायला लावली, कारण पटल फुटल्यावर नळीतील द्रावण पेशीत मिसळते, तिच्या आतील द्रव्ये विरळ होत जातात आणि लय हळूहळू मंदावू शकते. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ साली जगापुढे मांडलेले, पुढे १९९१ च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचलेले पॅच-क्लॅम्पचे, म्हणजे अशा नळीने पेशीची विद्युत-नोंद घेण्याचे, तंत्र पुस्तकातून समजते, पण हा संयम पुस्तकात सापडत नाही.

पेशी ओळखण्याबाबतही आपण तितक्याच काटेकोर होता. ऋण विद्युतप्रवाह दिल्यावर पटलाचा विभव (आतबाहेरील विद्युतदाबाचा फरक) आधी खोल उतरतो आणि मग आपोआप थोडा वर सरकतो. हा ‘सॅग’, रुंद स्पंद आणि संथ लय ही डोपामाइन पेशींची लक्षणे, तर शेजारच्या पार्स रेटिक्युलाटा या सबस्टँशिया नायग्राच्याच भागातील गॅबा पेशींचे (इतर पेशींना शांत करणारे गॅबा हे रसायन सोडणाऱ्या पेशींचे) स्पंद अरुंद आणि वेगवान असतात. तरीही केवळ सॅग दिसला म्हणून पेशीवर डोपामाइनचा शिक्का मारू नये, असा आपला आग्रह असे. नोंद घेताना पेशीत बायोसायटिन हे खूणद्रव्य भरायचे आणि नंतर टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या, डोपामाइन बनवण्यास लागणाऱ्या विकराची रंजक-परीक्षा करूनच तिचे नाव ठरवायचे, ही शिस्त मला आपल्याकडून मिळाली.

मला सर्वाधिक मोलाची वाटते ती आपली मोजमापाबद्दलची सावध वृत्ती. नळीतील पोटॅशियम ग्लुकोनेटच्या द्रावणामुळे विभवाच्या आकड्यात १० ते १५ मिलिव्होल्टचा फरक पडू शकतो, कापाचे तापमान बदलले की स्पंदांची रुंदी आणि गती बदलते, आणि नळीचा अ‍ॅक्सेस रोध (नळी आणि पेशीचा आतला भाग यांमधील विद्युत-रोध) वाढत गेला तर उत्तम दिसणारी नोंदही फसवी ठरते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तापमान, उंदराचे वय आणि रोध लिहिण्याची सवय आपण लावलीत. जिवंत उंदरात याच पेशी अनियमितपणे, कधी झुबक्याझुबक्याने स्पंदतात. कापातील घड्याळासारखी लय हे त्यांचे संपूर्ण वर्तन नव्हे, ही जाणीव त्याच सवयीतून आली. पार्किन्सनच्या आजारात ज्या पेशी नष्ट होतात त्यांच्याविषयी बोलताना एवढी सावधगिरी हवीच, असे मला मनापासून वाटते.

प्रयोगशाळेत रुजू झालेल्या नव्या विद्यार्थ्यांना आता मी हीच पद्धत शिकवते आहे. आपल्या हस्ताक्षरातील द्रावणांची वही त्यांच्यासाठी टंकलिखित करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी