आई, मी इथे काय शिकते

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, की आयटीतली चांगली नोकरी सोडून पुन्हा कॉलेजात बसलीस, तर तिथे नेमकं शिकतेस तरी काय? फोनवर नीट सांगणं जमेना, म्हणून लिहायला बसले.

आपल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्यापासून सांगते. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर सरळ तडकतो. असं का होतं, ते मागच्या महिन्यात लॅबमध्ये स्वतः पाहिलं. बिडाचा नखाएवढा तुकडा कापून एमरी पेपरवर घासायचा. प्रत्येक पेपर आधीच्याहून बारीक. पेपर बदलला की तुकडा काटकोनात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पुरते जाईपर्यंत घासत राहायचं. शेवटी कापड लावलेल्या फिरत्या चकतीवर धरून त्यात तोंड दिसेल इतकी चकाकी आणायची. खांदे भरून येतात. पण तोच तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर पांढऱ्या धातूत काळ्या, वाकड्यातिकड्या रेघा पसरलेल्या दिसल्या. तो ग्रॅफाइट. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि धातू गोठताना त्यातला बराचसा असा पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. या पापुद्र्यांच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तडा तिथूनच धावतो. पण हेच पापुद्रे कंपनं जिरवतात, म्हणून लेथ मशीनचा बेड, म्हणजे खालचा पाया, बिडाचा करतात. शंभर किलो धातूत जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम मॅग्नेशियम टिकलं, की त्याच ग्रॅफाइटच्या गोळ्या बनतात आणि बीड चिवट होतं. एवढ्याशा फरकानं धातूचा सगळा स्वभाव पालटतो, हे पाहून मी कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नाही.

बाबा, आता तुमच्या कामाचं. उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, करताना पाचशे मिलिमीटरचा बिडाचा ओतीव जॉब असला, की पॅटर्न 505 चा करायचात आणि पोलादाचा असला तर 510 चा. वस्तादांनी सांगितलं म्हणून करायचं, कारण कुणी सांगितलं नाही, असं तुम्ही म्हणायचात. कारण पुन्हा तो ग्रॅफाइटच आहे. वेगळा होताना तो जास्त जागा घेतो, त्यामुळे बिडाचं आकसणं बरंचसं भरून निघतं. पोलादात तो नसतो, म्हणून ते जवळजवळ दुप्पट आकसतं.

जॉबच्या दोन भिंती मिळतात त्या जाड जागेपाशी रायझर, म्हणजे वितळलेला धातू पुरवणारा साठा, हवाच, म्हणून तुम्ही मालकांशी वाद घालायचात, आठवतं? ख्वोरिनोव्ह नावाच्या अभियंत्यानं 1940 मध्ये त्याचा नियम मांडला. कास्टिंग, म्हणजे ओतलेला जॉब, गोठायला लागणारा वेळ त्याच्या आकारमानाला पृष्ठभागानं भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गावर ठरतो. म्हणजे त्याच घडणीचा जॉब सगळ्या बाजूंनी दुप्पट केला, तर गोठायला वेळ चौपट. जाड भाग सर्वांत शेवटी गोठतो आणि तेव्हा त्याला धातू पुरवायला कुणी उरलेलं नसतं, म्हणून आत पोकळी पडते. रायझर त्याच्याही नंतर गोठला पाहिजे, म्हणून तो जाडजूड. तुमचं म्हणणं अगदी बरोबर होतं, बाबा.

माझा प्रोजेक्ट याच पोकळ्यांवर आहे. कास्टिंगचे कॉम्प्युटरवर बारीक बारीक चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येकातून उष्णता कशी बाहेर जाते ते गणितानं सोडवायचं आणि शेवटी कोणता तुकडा गोठतो ते शोधायचं. त्यासाठी प्रोग्राम लिहावा लागतो. तेव्हा आई, आयटीतली वर्षं वाया गेली असं मनात आणू नकोस. तिथे शिकलेलं इथे रोज हाताशी येतं. बी.ई.नंतर कॅम्पसला आलेली पहिली नोकरी धरली, कारण घराला गरज होती, आणि त्याबद्दल मनात काहीही नाही. पण लोखंडाची ओढ होती ती होतीच.

शेजारच्या काकूंना सांग, कॉलेज साधंसुधं नाही. सीओईपी, म्हणजे पुण्याचं हे इंजिनिअरिंग कॉलेज, 1854 मध्ये बांधकाम खात्याला माणसं तयार करून द्यायला सुरू झालं आणि 2022 पासून ते स्वतंत्र विद्यापीठ आहे. पैशांचीही काळजी नको. गेट या प्रवेशपरीक्षेमुळे महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, बाकी शिल्लक आहे. दोघांची औषधं माझ्याकडेच राहतील, त्यात काटकसर करायची नाही.

एम.टेक. झालं की मी कोल्हापूरलाच येणार आहे, हे आज पक्कं सांगते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कितीतरी लहान फौंड्रींना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही. जॉब रिजेक्ट होऊन परत आला, की पुन्हा वितळवायचा, म्हणजे वीज गेली, मजुरी गेली. त्यांच्यासाठी मला काम करायचं आहे. पगार आयटीइतका मिळणार नाही, हे धरूनच ठरवलं आहे.

बाबा, त्यासाठी तुमची मदत हवी. तुमच्या हाताखालून गेलेल्यातले कोणते जॉब वारंवार परत यायचे, पोकळी नेमकी कुठे पडायची आणि तुम्ही काय बदल केलात, एवढं मला सांगा. पुस्तकात हे मिळत नाही. रविवारी रात्री जेवणं झाली की फोन करते. आई, बाबांना हल्ली ऐकू कमी येतं, तेव्हा तू शेजारी बस आणि माझे प्रश्न त्यांना मोठ्यानं सांग. मी वही घेऊन बसते.

तुमची,
धाकटी